जुन्या टू-इन-वनमध्ये ब्लूटूथ : संदेश आत कोठून सोडायचा?

पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा कपाटाच्या डोक्यावर एक जुना टू-इन-वन पडून असतो. रेडिओ आणि कॅसेट टेपरेकॉर्डर एकाच पेटीत, म्हणून टू-इन-वन. फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत जपानी कारखान्यांनी ती रेडिओच्या पेटीत बसवून जगभर पोचवली. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तरुण मुले असले भलेमोठे संच खांद्यावर घेऊन हिंडत. तेथे त्यांना 'बूमबॉक्स' म्हणू लागले. आपल्याकडे आखाती देशांतून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात तो हमखास असे. आज पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात असे संच अजूनही पाहायला मिळतात.

असा संच अडगळीत का जातो, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे फिरणारे भाग आधी जातात. कॅसेट फिरवणारा रबरी पट्टा सैल होतो, किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. कॅसेटींना बुरशी येते. पण त्याच पेटीतला प्रवर्धक आणि चार-पाच इंच व्यासाचे स्पीकर बहुधा शाबूत असतात. मुठीएवढ्या आधुनिक स्पीकरला खालच्या स्वरांसाठी जी हवा हलवावी लागते, ती हलवण्यास त्याचा पडदाच अपुरा असतो. जुन्या पेटीला ती अडचण नाही. तेव्हा मोबाइलमधले गाणे ब्लूटूथने या पेटीपर्यंत आणावे, ही कल्पना चांगली आहे.

पण येथेच बरेच जण फसतात. ब्लूटूथचे छोटे मॉड्यूल बाजारातून आणतात, त्याच्या तारा आत कोठेतरी जोडतात, आणि मग आवाज घुमतो, फाटतो, किंवा गाण्यामागे सतत 'टर्रर्र' असा गुंजारव ऐकू येतो. मग सगळा दोष मॉड्यूलला! खरा प्रश्न असतो तो संदेश कोणत्या दारातून आत सोडला याचा. तुमच्या पाठ्यपुस्तकातला ओहमचा नियम आणि फॅरेडेचे विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन एवढे भांडवल या प्रश्नाला पुरते.

पेटीतला प्रवास

टू-इन-वनमध्ये ध्वनीचा संदेश दोन वाटांनी येतो. एक वाट रेडिओची, दुसरी टेपची. दोन्ही वाटा निवडीच्या स्विचपाशी एकत्र येतात. तेथून पुढे एकच रस्ता: व्हॉल्यूम कंट्रोल, मग शक्तिप्रवर्धक, मग स्पीकर.

या रस्त्यावर संदेशाचे व्होल्टेज कसे बदलत जाते ते पाहा. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडवरून सरकते, तेव्हा हेडच्या वेटोळ्यात निर्माण होणारे व्होल्टेज अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी असते. पूर्वप्रवर्धक ते वाढवून व्हॉल्यूम कंट्रोलपाशी शंभर-दोनशे मिलिव्होल्टपर्यंत आणतो. आणि ४ ओहमच्या स्पीकरला २ वॅट शक्ती द्यायची तर? व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध म्हणजे शक्ती. म्हणून व्होल्टेजचा वर्ग ८, आणि व्होल्टेज सुमारे २.८. हेडपासून स्पीकरपर्यंत संदेश पाच हजार पटींहून अधिक वाढला. (काही संचांवर 'पीएमपीओ' म्हणून शंभर-दोनशे वॅट छापलेले असतात. सहा सेलांवर चालणारी पेटी शंभर वॅट कोठून देणार, हा हिशोब तुम्हीच करून पाहा!)

आता ब्लूटूथच्या मॉड्यूलमधून काय बाहेर पडते? ब्लूटूथच्या लहरींची वारंवारता २.४०२ ते २.४८० गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण १२ सेंटिमीटर. या पट्ट्याचे १ मेगाहर्ट्झ अंतराने ७९ मार्ग पाडलेले आहेत, आणि मोबाइल व मॉड्यूल दोघेही ठरल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळांपर्यंत एका मार्गावरून दुसऱ्यावर उड्या मारतात. म्हणजे एखाद्या मार्गावर दुसऱ्या कोणाचा गलबला असला तरी नुकसान क्षणभराचेच. उड्या मारण्याची ही युक्ती जुनी आहे. चित्रपट-अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीरांच्या नियंत्रणासाठी तशाच युक्तीचे अमेरिकन पेटंट १९४२ साली मिळाले होते. पियानोच्या ८८ पट्ट्यांवरून त्यांनी ८८ वारंवारता घेतल्या होत्या. १६०० हा आकडा मात्र लक्षात ठेवा. तो पुढे आपल्याला त्रास देणार आहे.

लहरींवरून येतात ते अंक. मॉड्यूल त्या अंकांचे पुन्हा बदलत्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करते. त्याच्या 'लाइन' किंवा हेडफोनच्या टोकांवर अर्धा ते एक व्होल्टचा साधा ध्वनिसंदेश मिळतो. त्याला ब्लूटूथ असे काही उरलेले नसते. तो हार्मोनियमच्या मायक्रोफोनमधून वाढवून आलेल्या संदेशासारखाच एक संदेश.

टेपच्या हेडपाशी का नको?

पुष्कळांना वाटते की टेपचे हेड निकामी झालेच आहे, तर त्याच्याच तारांना मॉड्यूल जोडावे. पहिली अडचण उघड आहे. जेथे अर्धा मिलिव्होल्ट अपेक्षित आहे तेथे हजारपट मोठा संदेश येऊन आदळेल, आणि लाटांची टोके कापली जाऊन आवाज फाटेल. मग कोणी म्हणेल, रेझिस्टर घालून संदेश हजारपट लहान करू. तरीही आवाज बिघडलेलाच राहतो, आणि त्याचे कारण अधिक मनोरंजक आहे.

हेडमध्ये व्होल्टेज निर्माण होते ते चुंबकीय प्रवाह बदलल्यामुळे. फॅरेडेचा नियम सांगतो की जितका बदल जलद तितके व्होल्टेज जास्त. म्हणून फितीवर १०० हर्ट्झ आणि १००० हर्ट्झ हे दोन स्वर सारख्याच चुंबकीय तीव्रतेने नोंदले असले, तरी हेडमधून १००० हर्ट्झचे व्होल्टेज दहापट निघते. हे असमान देणे दुरुस्त करण्यासाठी हेडनंतरच्या पूर्वप्रवर्धकात मुद्दाम अशी योजना असते की खालचे स्वर जास्त वाढावेत, वरचे कमी. साध्या लोहऑक्साइडच्या कॅसेटसाठी ठरलेल्या प्रमाणाप्रमाणे हिशोब केला, तर हा पूर्वप्रवर्धक १०० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या सुमारे सातपट वाढवतो.

ब्लूटूथच्या संदेशात सगळे स्वर आधीच आपापल्या प्रमाणात आहेत. त्याला या दारातून पाठवले की खालचे स्वर विनाकारण सातपट होतात. तबल्याचा डग्गा सगळे गाणे गिळून टाकतो. चष्मा लागत नसलेल्या माणसाने दुसऱ्याचा चष्मा लावावा, तसा हा प्रकार.

याच दारातून शहाणपणाने आत शिरणारी एक वस्तू मात्र आहे. कॅसेटच्याच आकाराचा एक अडॅप्टर मिळतो. त्यात फितीच्या जागी एक छोटे हेड बसवलेले असते, आणि ते टेपच्या हेडसमोर येऊन बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. संचाच्या हेडला वाटते, फीत चालली आहे! येथे संदेश चुंबकीय रूपात जातो, म्हणून फॅरेडेचा नियम मध्ये येतो आणि पूर्वप्रवर्धकाची दुरुस्ती वाया जात नाही. आत ब्लूटूथ आणि सेल असलेले असे अडॅप्टरही निघाले आहेत. ज्याच्या घरचा टेप अजून फिरतो आहे आणि ज्याला पेटी उघडायची नाही, त्याने हाच मार्ग धरावा. मोटर फिरत राहिल्याने सेल लवकर संपतात आणि यंत्राची थोडी घरघर ऐकू येते, एवढे सोसावे लागते.

संचाच्या मागे 'लाइन-इन' किंवा 'ऑक्स' असे सॉकेट असेल, तर प्रश्नच मिटला. बाहेरूनच वायर जोडा. 'माइक' लिहिलेल्या सॉकेटच्या मोहात मात्र पडू नका. ते काही मिलिव्होल्टसाठी केलेले असते, आणि बहुतेक संचांत ध्वनिमुद्रणाच्या वेळीच चालते.

व्हॉल्यूम कंट्रोलचे वरचे टोक

सॉकेट नसेल तर पेटी उघडावी लागते. त्याआधी एक गोष्ट कटाक्षाने पाळायची: विजेची वायर भिंतीतून काढायची आणि संचाच्या मागूनही काढून बाजूला ठेवायची. अनेक संचांत बंद-चालूचा स्विच ट्रान्सफॉर्मरच्या नंतर असतो. म्हणजे संच 'बंद' असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या वेटोळ्यावर २३० व्होल्ट तसेच असतात. सर्व तपासण्या सेलांवर करा, आणि पहिल्यांदा उघडताना शिक्षक किंवा जाणते माणूस शेजारी असू द्या. सेलांच्या ९ किंवा १२ व्होल्टने अपाय होत नाही.

व्हॉल्यूम कंट्रोल म्हणजे सरकता स्पर्श असलेला रोध. त्याला तीन टोके: एक सामाईक तारेचे, एक मधले सरकते, आणि एक वरचे, जेथे संदेश येतो. स्टीरिओ संचात डाव्या-उजव्या मार्गांसाठी तीन-तीन, अशी सहा टोके. हे वरचे टोक म्हणजे आपले दार. ते पूर्वप्रवर्धकाच्या पुढे आहे, तेथे शंभर-दोनशे मिलिव्होल्टची अपेक्षा असते, आणि संचाचे स्वतःचे व्हॉल्यूमचे बटण आपल्या कामी येते.

मॉड्यूलचा एक व्होल्ट तेथे थोडा जास्तच आहे. तेव्हा दोन रेझिस्टर घ्या. १० किलोओहमचा मालिकेत, आणि त्याच्या पुढच्या टोकापासून सामाईक तारेपर्यंत २.२ किलोओहमचा. व्होल्टेजची वाटणी रोधांच्या प्रमाणात होते, म्हणून १ व्होल्टचे २.२ भागिले १२.२, म्हणजे ०.१८ व्होल्ट उरले. व्हॉल्यूम कंट्रोल ५० किलोओहमचा असेल तर तो २.२ किलोओहमला समांतर येतो. त्याने उत्तर कितीसे बदलते, हे वर्गात काढून पाहण्यासारखे उदाहरण आहे. १० किलोओहमच्या आधी १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घाला, म्हणजे मॉड्यूलच्या टोकावर असलेले स्थिर व्होल्टेज आत जाणार नाही. १२.२ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड या जोडीची सीमा-वारंवारता १३ हर्ट्झ येते. आपला कान २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही, तेव्हा गाण्यातले काही गमावत नाही.

संच एकाच स्पीकरचा असेल, तर मॉड्यूलची डावी-उजवी टोके पिळून एक करू नका. दोन्ही आतले प्रवर्धक एकमेकांशी झुंजू लागतात. प्रत्येकाला आपापला १० किलोओहमचा रेझिस्टर द्या आणि मग एकत्र आणा. मॉड्यूल विकत घेतानाही एक पाहायचे: स्पीकर थेट चालवणारे, आत शक्तिप्रवर्धक असलेले मॉड्यूल घेऊ नका. त्यांतल्या अनेकांची दोन्ही टोके जिवंत असतात, कोणतेच सामाईक नसते. एक टोक संचाच्या सामाईक तारेला लावले की मॉड्यूल संपले.

आता निवडीचा स्विच. तो 'टेप'वर ठेवून भागेल असे वाटते, पण अनेक संचांत 'टेप' या स्थितीत 'प्ले'ची कळ दाबेपर्यंत वीजच पुढे जात नाही. 'रेडिओ'वर ठेवावे तर रेडिओही बोलणार. म्हणून रेडिओकडून व्हॉल्यूम कंट्रोलकडे येणारी वाट एका ठिकाणी तोडून तेथे छोटा दुहेरी स्विच बसवायचा: एकीकडे रेडिओ, दुसरीकडे ब्लूटूथ. स्टीरिओ असेल तर दोन खांबांचा. आणि तीन खांबांचा मिळाला तर तिसऱ्या खांबावरून मॉड्यूलची वीजही बंद-चालू करता येते. पीसीबीवरची तांब्याची रेघ चाकूने कापण्यापेक्षा, त्या वाटेवरच्या कंडेन्सरचा एक पाय डाख वितळवून उचलावा. उद्या कोणाला संच मूळ रूपात हवा असला तर तो पाय परत बसवता येतो. टेपची यंत्रणा उपटून त्या जागी मॉड्यूल ठोकणारे कारागीर आहेत. मला ते पटत नाही. नवा पट्टा घातला की त्यांतले बरेच टेप पुन्हा चालू होतात.

तो 'टर्रर्र' आवाज

एवढे सगळे बिनचूक केले तरी गाण्याच्या शांत जागी गुंजारव ऐकू येतो. हा कोठून आला? २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी तर कानाला ऐकू येणे शक्य नाही.

येथे तो १६०० पुन्हा येतो. मॉड्यूल सतत सारखी वीज खात नाही. पाठवण्याच्या-घेण्याच्या प्रत्येक घासाला त्याची भूक वाढते आणि मग उतरते. हे घास सेकंदाला काही शेकड्यांपासून १६०० पर्यंत, म्हणजे नेमके आपल्या ऐकण्याच्या पल्ल्यात. आता समजा, मॉड्यूल संचाच्याच ९ व्होल्टवर चालवले आहे (मध्ये ५ व्होल्ट करणारी आयसी आहे) आणि त्याचा परतीचा प्रवाह व्हॉल्यूम कंट्रोलच्या सामाईक तारेतून जातो आहे. ३० सेंटिमीटरच्या बारीक तारेचा रोध ०.०५ ओहम धरा. तो एरवी आपण शून्यच मानतो. प्रवाहाची चढउतार ५० मिलिॲम्पिअर असेल तर ओहमच्या नियमाने त्या तारेवर २.५ मिलिव्होल्ट निर्माण होतात. व्हॉल्यूम कंट्रोलला हे व्होल्टेज संदेशाचाच भाग वाटते. १८० मिलिव्होल्टच्या जोरदार गाण्यात ते लपते. पण आलापाच्या सुरुवातीला, जेथे संदेश ९ मिलिव्होल्टवर येतो, तेथे गुंजारव गाण्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त होतो.

मोठा कंडेन्सर लावून हे फारसे जात नाही. प्रवाहाची वाटच बदलावी लागते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मॉड्यूलला स्वतःचा वेगळा सेल. मोटारगाडीसाठी मिळणारे, आत सेल आणि चार्जिंगची सोय असलेले छोटे ब्लूटूथ रिसीव्हर यासाठी उत्तम. त्यांचा वीजप्रवाह त्यांच्या आतच फिरतो, संचाशी संबंध फक्त संदेशाच्या तारांचा. (सुटे लिथियम सेल किंवा जुन्या मोबाइलची बॅटरी डाख देऊन जोडण्याच्या भानगडीत पडू नका. ते पेट घेऊ शकतात.) वेगळा सेल नको असेल तर आत-बाहेर विद्युत्-संबंध नसलेला 'आयसोलेटेड' कन्व्हर्टर मध्ये घालतात. त्यात लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. मात्र असे कन्व्हर्टर स्वतः सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतात, आणि ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींवर त्यांची शिट्टी ऐकू येऊ शकते. तिसऱ्या खांबाने मॉड्यूलची वीज तोडायची ती याचसाठी.

वेगळ्या सेलाचा आणखी एक फायदा आहे. १९६०-७० च्या काही संचांत जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर असत, आणि सामाईक तार सेलच्या धन टोकाला जोडलेली असे. अशा संचाच्या विजेवर मॉड्यूल लावून त्याची ध्वनीची सामाईक तार संचाच्या सामाईक तारेला जोडली, तर सेलची दोन टोके एकमेकांना जोडली गेली असे होते. म्हणून आधी मल्टिमीटरने पाहा: व्हॉल्यूम कंट्रोलचे सामाईक टोक सेलच्या ऋण टोकाशी जोडलेले आहे की धन टोकाशी?

मॉड्यूल पेटीत कोठे ठेवायचे, हे थोडक्यात सांगतो. त्याच्या एका कडेला नागमोडी तांब्याची रेघ दिसते, ती त्याची एरियल. ती प्लॅस्टिकच्या भिंतीजवळ असावी. स्पीकरच्या धातूच्या जाळीमागे किंवा पत्र्याच्या चौकटीत कोंडली तर लहरी अडतात, आणि दहा मीटरचा पल्ला एका खोलीपुरताही उरत नाही. संदेशाच्या तारा जाळीच्या वेष्टणाच्या घ्याव्यात आणि ट्रान्सफॉर्मरपासून लांबून न्याव्यात, नाहीतर ५० हर्ट्झचा 'हूं' मागे लागतो.

जोडणी झाल्यावर एक प्रयोग करून पाहा. मोबाइलवर निरनिराळ्या वारंवारतेचे शुद्ध स्वर काढणारे ॲप घ्या. ५०, १००, २०० आणि ४०० हर्ट्झचे स्वर सारख्याच पातळीवर वाजवा, संचाचे टोनचे बटण मध्यावर ठेवा, आणि प्रत्येक वेळी स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मल्टिमीटरच्या एसी पट्ट्यावर मोजा. साधे मल्टिमीटर याच्या फार वर विश्वासाचे नसतात, म्हणून ४०० हर्ट्झवर थांबा. आलेख काढा. मग जमल्यास कॅसेट अडॅप्टरमधून तेच स्वर पाठवून दुसरा आलेख त्याच कागदावर काढा. दोन रेघा कोठे एकमेकींपासून दूर जातात ते पाहा, आणि त्याचे कारण हेडमध्ये सापडते की टोनच्या बटणात, हे शोधून काढा.